पाऊस मी पाडला का?

(महासंघाच्या वार्षिक सभेत मी कामगार कायद्यांवर बोलले. वेळ पुरला नाही, आणि नंतर बऱ्याच गटांनी "ताई, ते लिहून द्या" म्हणून निरोप धाडले. म्हणून बोललेलं आणि बोलायचं राहिलेलं, दोन्ही मिळून हे लिहिलंय. – क्षेत्र समन्वयक)



सभेत मला दहा मिनिटं मिळाली होती, त्यातली चार माईकनं खाल्ली. आता इथं माईक नाही, त्यामुळं निवांत सांगते. चहा ठेवा, वाचता येणारीनं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी ऐका. गटाच्या बैठकीत वाचलं तर फारच बरं.

विषय कामगार कायद्याचा आहे. सभेत मी हे नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "ते कंपनीवाल्यांचं असतंय पोरी, आपलं काय काम?" मलाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटायचं. एमएसडब्ल्यूला असताना कामगार कायद्याचा पेपर मी पाठ करून दिला, पास झाले आणि विसरले. मग गेल्या उन्हाळ्यात एका मावशींनी मला तो पेपर पुन्हा द्यायला लावला. त्यात मी नापास झाले. तीच गोष्ट आधी सांगते.

आपल्या एका गटाचं मिरची कांडप आहे. गाव आणि गट सांगत नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच माझी आहे. कर्ज काढून यंत्र घेतलं, पत्र्याची शेड टाकली, मसाला चांगला होता, मागणी वाढली. गटातल्या दहाजणींना घर, शेत सांभाळून एवढं काम उरकेना. म्हणून गावातल्या सहा बाया मिरचीची देठं काढायला, निवडायला, वाळवायला लावल्या. त्या गटातल्या नव्हत्या. सहातल्या चारजणी कोयत्याला जाणाऱ्या, कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावात परतलेल्या. दर किलोला १० रुपये, आणि हिशोब बाजाराच्या दिवशी. कुणी काही लिहून दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. गावातल्याच बाया, कागद कशाला?

मे महिन्यात एका दुपारी वळवाचा पाऊस आला. कसा येतो तुम्हाला माहीत आहे, ऊन असतानाच वारं सुटतं आणि दहा मिनिटांत सगळं भिजवून जातो. अंगणात मिरची पसरलेली. बाया धावल्या, पण ताडपत्री एकच, आणि तीही यंत्रावर टाकलेली. मिरची भिजली. दोन दिवसांत बुरशी धरली. ४० किलो माल टाकून द्यावा लागला.

गटाची बैठक झाली. मी होते. नुकसान मोठं होतं, बँकेचा हप्ता तोंडावर होता. कुणीतरी म्हणालं, "मिरची बघायला बाया होत्या ना? मग त्यांच्या हिशोबातून कापा." प्रत्येकीचे ३०० रुपये कापायचं ठरलं. माझ्याकडे बघून अध्यक्ष ताईंनी विचारलं, "बरोबर ना मॅडम?" आणि मी मान हलवली. मला हप्ता दिसत होता, बाया दिसत नव्हत्या.

बाजाराच्या दिवशी पाचजणींनी कमी पैसे मुकाट्यानं घेतले. सहाव्या मावशी साठीच्या आसपासच्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी मी गाडीला किक मारत होते तेव्हा त्या समोर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पाऊस मी पाडला का?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुकादम खाड्याचे पैसे कापतो तेव्हा वाटतं, तो मुकादमच आहे. बायांचा गट असं करील वाटलं नव्हतं."

खाडा म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. बाई आजारी पडो, पाळी येवो, लेकरू तापानं फणफणो, कोयता एक दिवस थांबला की मुकादमाच्या वहीत दंड लागतो. ती वही आपल्याला कधी वाचायला मिळत नाही. आणि इथं आम्ही, पंचसूत्री पाळणाऱ्या, पाचवं सूत्र म्हणजे लेखे नीट ठेवणं असं शाळेच्या पोरांसारखं म्हणून दाखवणाऱ्या, आमच्याकडं त्या सहा बायांची साधी हजेरीची वहीसुद्धा नव्हती. मुकादमाची वही वाईट असेल, पण असते तरी.

त्या रात्री मी माझं जुनं पुस्तक काढलं. आणि पुस्तकातलं बरंचसं बदललंय हेही तेव्हाच वाचत गेले.

बदल काय झालाय ते थोडक्यात सांगते. केंद्र सरकारनं २९ जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. वेतन संहिता २०१९ ची. बाकी तीन २०२० च्या, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या चारही लागू झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. या संहितांवर कामगार संघटनांची नाराजी आहे, मोठ्या कारखान्यात माणसं कमी करणं सोपं झालं असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. पण तो वाद आज आपल्या शेडमध्ये नाही. आपल्या शेडमध्ये येते ती वेतन संहिता. किमान वेतन, पगाराची तारीख आणि कपात यांबद्दल ती सांगते, आणि ते सगळ्यांना लागू आहे. ५०० माणसांच्या कंपनीला आणि सहा बायांच्या कांडपाला. "आमचं लहान आहे" म्हणून सुटका नाही.

म्हणजे ज्या दिवशी आपण त्या सहाजणींना कामावर बोलावलं, त्या दिवशी आपण मालकीण झालो. कुणी हार घातला नाही, बोर्ड लावला नाही, पण झालो.

आता कपातीचं. कायदा दोन गोष्टी वेगळ्या मानतो, दंड आणि नुकसानीची कपात. दंड लावायचा तर कशाकशाला लागतो ते आधी जाहीर केलेलं पाहिजे, बाईला तिची बाजू मांडू दिली पाहिजे, आणि एका हिशोबात दंड वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आठवड्याचे १,२०० रुपये होत असतील तर ३ टक्के म्हणजे ३६ रुपये. आम्ही ३०० कापले होते. नुकसानीची कपात वेगळी. ती करता येते, पण कधी? माल तिच्या ताब्यात सोपवलेला होता आणि थेट तिच्याच हयगयीनं तो गेला तर. तेही तिला विचारल्याशिवाय नाही, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही. वळवाचा पाऊस कुणाची हयगय? ताडपत्री एकच आणली ही हयगय असेल, तर ती गटाची. मावशींचा प्रश्न आणि कायद्याचं कलम, दोन्ही एकच विचारत होते.

आणि सगळ्या कपाती मिळूनसुद्धा वेतनाच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. हे मुकादमालाही लागू आहे, साखर कारखान्यालाही. पाळलं जातं का, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मी पुढच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, माझी चूक झाली, पैसे परत द्यायला लागतील. शांतता झाली. मग कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, आणि त्यांचा राग खरा होता, "मॅडम, तुम्ही मान हलवली तेव्हा आम्ही कापले. आता तुम्ही मान फिरवली तर आम्ही कुठून आणायचे?" मी माझ्या खिशातून भरते म्हणाले, तर अध्यक्ष ताईंनी अडवलं. "तुमचं मानधन किती ते आम्हाला माहीत आहे," म्हणाल्या. सगळे हसले आणि जरा हवा मोकळी झाली. १,८०० रुपये गटानं दोन बाजारात मिळून परत दिले. सहावीचे अडलेले पैसेही दिले.

पण खरा घोळ दराचा होता, तो त्याच बैठकीत निघाला.

किमान वेतन म्हणजे काय? सरकार कामाच्या प्रकाराप्रमाणे आणि भागाप्रमाणे एक आकडा ठरवतं, त्याच्या खाली मजुरी देता येत नाही. महाराष्ट्रात त्याला परिमंडळं आहेत, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग आहेत, आणि महागाईप्रमाणे भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. आकडा मी इथं मुद्दाम छापत नाही. अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तो जुना झालेला असेल, आणि मग कुणीतरी दोन वर्षांनी हाच अंक दाखवून जुना दर देईल. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय असतं, तिथं तुमच्या कामाचा चालू दर विचारायचा आणि कागदावर लिहून आणायचा. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा.

"पण आपण रोज कुठं देतो? आपण किलोवर देतो," असं सचिव ताई म्हणाल्या. हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. किलोवर द्या, नगावर द्या, पापडाच्या शेकड्यावर द्या. पण त्या कामाचा रोजाचा किमान दर ठरलेला असेल, तर दिवसभर काम करून बाईच्या हातात त्याच्यापेक्षा कमी पडता कामा नये.

मग आम्ही एक गंमत केली. गंमत कसली, शिक्षाच म्हणा. अध्यक्ष ताई आणि अजून तिघी स्वतः सकाळी नऊला देठं काढायला बसल्या. मीही बसले. संध्याकाळी वजन केलं. अध्यक्ष ताईंची १७ किलो झाली, मला ११ च्या वर जमलं नाही. माझे हात रात्रभर जळत होते. दह्यात घातले, तेल लावलं, काही उपयोग नाही. डोळ्याला चुकून हात लागला ते वेगळंच. १७ किलोचे १७० रुपये. अध्यक्ष ताई हातातली वजनाची चिठ्ठी बघत म्हणाल्या, "मी तर शेतातल्या खुरपणीला ह्यापेक्षा जास्त देते."

चालू किमान दराशी जुळवायचा तर किलोचा भाव दुपटीच्या वर न्यावा लागत होता. शेवटी किलो सोडून रोजच ठरवला. सोपं पडतं, भांडण होत नाही.

इथं मला खरं बोललं पाहिजे, कारण भाषणात नेहमी गोड शेवट सांगतात. रोज वाढल्यावर मसाल्याचा खर्च वाढला. हिशोब काढला तेव्हा कळलं की आजवर आपण मिरची, धने, तेल, वीज, पिशवी, सगळं धरत होतो, पण मजुरी नीट धरतच नव्हतो. बाहेरच्या बायांची कमी धरत होतो, आणि स्वतःची शून्य. किलोमागे २० रुपये वाढवले. तालुक्यातल्या एका दुकानदारानं माल बंद केला, म्हणाला बाहेरचा स्वस्त मिळतो. तो अजून परत आलेला नाही. सहा बायांच्या जागी यंदा चारजणींनाच काम देता आलं. ज्या दोघी सुटल्या त्यांच्यासमोर मला अजून नीट उभं राहता येत नाही. म्हणून कुणी म्हणालं, "कायदा पाळला की सगळं छान होतं," तर मी तसं म्हणणार नाही. पण १७० रुपयांत दिवसभर हात जाळून घेणारी बाई धरून आपला मसाला स्वस्त ठेवायचा, तर मग आपला गट आणि दुसरा कुणीही व्यापारी यात फरक काय, हा प्रश्न गटातल्या बायांनीच विचारला. मी नाही.

आणि कायद्याच्या बाजूनंही बघा. कमी पैसे दिल्याचा दावा बाई ३ वर्षांपर्यंत करू शकते. दावा खरा ठरला तर राहिलेले पैसे द्यायचेच, वर भरपाई, आणि ती दाव्याच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकते. शिवाय ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सगळ्यात महत्त्वाचं, पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. बाईला "दिले नाहीत" हे सिद्ध करावं लागत नाही, आपल्याला "दिले" हे दाखवावं लागतं. कशानं दाखवणार? वहीनं. खरोखर पैसे दिले असतील आणि वही नसेल, तरी आपण अडकलो. म्हणून मी म्हणते, हजेरीची वही त्या बाईइतकीच आपलीसुद्धा राखण करते.

पगार कधी द्यायचा? रोजंदारी असेल तर दिवसाचं काम संपलं की. आठवड्यावर असेल तर सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी. महिन्यावर असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. बाईनं काम सोडलं किंवा आपण तिला काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता. "परत ये, मग देते" असं चालत नाही.

सुट्टीवरून आठवलं. आठवड्याची सुट्टी ही काही कंपनीची मेहेरबानी नाही. नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या आपल्याच माणसानं, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या कार्यकर्त्यानं, मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं मागणी केली, तेव्हा १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आपल्या कांडपात ती सुट्टी बाजाराच्या दिवशी ठेवली आहे. बायांना रविवारपेक्षा तीच बरी पडते.

आता एक अवघड प्रश्न, जो प्रत्येक गटात विचारला जातो. गटातली बाईच आपल्या युनिटवर काम करते, ती कामगार की मालकीण? मला विचाराल तर दोन्ही भूमिका वेगळ्या लिहा. ती सदस्य म्हणून नफ्यातला वाटा घेते, तो वेगळा. ती दिवसभर कांडपावर बसली, त्याचा रोज वेगळा, आणि तो रोज बाहेरच्या बाईइतकाच. हे ठरावात लिहा, इतिवृत्तात घ्या. नाही तर काय होतं, तीनजणी राबतात, सातजणी वाटणीला येतात, आणि दोन वर्षांत गट फुटतो. तुमच्यापैकी निम्म्याजणी आत्ता मान हलवत असतील.

उलट बाजूही आहे, मालकिणीची. एका गटानं पापड लाटणाऱ्या वहिनींना लग्नाच्या वेळी ५,००० रुपये उचल दिली. हंगामाच्या मध्यातच त्या दुसरीकडं गेल्या. गटातल्या बाया मला म्हणाल्या, "त्यांना पैसे फिटेपर्यंत इथंच लाटायला लावा." मी म्हणाले, हे मात्र करता येत नाही. पैसे मागायचा हक्क आहे, माणूस धरून ठेवायचा नाही. उचल दिली म्हणून बाईला कामाला बांधून ठेवणं ही वेठबिगारी, आणि ती १९७६ च्या कायद्यानं बंद केलेली आहे. दिलेली उचल लिहून ठेवा, सही घ्या, तिच्या मजुरीतून थोडी-थोडी ठरवून कापा. ती गेली तर शेवटच्या हिशोबात बसवा, राहिलेले नात्यानं किंवा रीतसर मागा. त्या वहिनींनी पुढं दोन महिन्यांत बरेचसे पैसे आणून दिले. सगळे नाही. कोयत्याच्या उचलीत बांधल्या गेलेल्या घरांतल्या आपण, आपल्याला हे समजायला इतर कुणापेक्षा सोपं जावं. पण हातातून पैसे जातात तेव्हा तसं होत नाही, तेही मी पाहिलं.

सुरक्षेचं एकच सांगते, पण नीट ऐका. कांडपाच्या यंत्राला पट्टा असतो, आणि आपल्याला पदर असतो. त्या पट्ट्यावर जाळी नसेल तर उद्याच मेस्त्रीला बोलवा. काम करताना पदर खोचा, ओढणी बांधा, केस बांधा, नाकाला फडकं. विजेवर यंत्र चालणाऱ्या आणि माल तयार होणाऱ्या जागेत कामावर असताना इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, आणि हा नियम १९२३ पासूनचा आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. हात गेला तर पैशांनी परत येत नाही, ते वेगळंच. सगळ्यांचे प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवून घ्या, बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या बाईला वर्षाला २० रुपये पडतात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. पण त्यानं गटाची जबाबदारी संपत नाही. जाळी आधी, विमा नंतर.

लेकरांचं पण बोलते. उन्हाळ्यात आईबरोबर पोरगी येते, आईच्या शेजारी बसून देठं काढते, वजन आईच्या नावावर. दिसायला साधं वाटतं. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. स्वतःच्या घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हात लावायची सूट आहे, पण आपलं कांडप हे त्या पोरीच्या घरचं नाही. दंड २०,००० ते ५०,००० रुपये आणि तुरुंगवासही होऊ शकतो. आमच्या कांडपावर आता असं ठरलंय की पोरं सावलीत खेळायला आली तर चालतील, पाटीला हात लावायचा नाही. रंगीत खडूची डबी आणून ठेवली आहे. ती महिन्याला संपते.

आता जरा गंभीर. कामावर जाताना-येताना, माल पोचवताना, टेम्पोवाला, दुकानदार, मुकादम कुणी अंगचटीला आला, घाणेरडं बोलला, तर तो "बाईमाणसाच्या नशिबाचा" भाग नाही. राजस्थानात भंवरी देवी नावाच्या बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या, आपल्या सीआरपी ताईंसारख्या गावोगाव फिरणाऱ्या. १९९२ मध्ये बालविवाह रोखायला गेल्या म्हणून त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. म्हणजे शहरातल्या ऑफिसातल्या बायांना आज जे संरक्षण मिळतं, ते गावात काम करणाऱ्या एका बाईमुळं. १० किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी. आपल्यासारख्या लहान ठिकाणांसाठी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, ३ महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर समितीनं लिहायला मदत करायची असते. आधी मला सांगितलं तरी चालेल.

१० या आकड्यावर बरंच काही ठरतं, तेवढं लक्षात ठेवा. कामावर १० जण झाले की ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची पगारी रजा, ईएसआय यांचे प्रश्न येतात. २० झाले की भविष्य निर्वाह निधी, ५० ला पाळणाघर. आपली बहुतेक युनिट त्याच्या आतली आहेत. पण एक हळदीचं युनिट यंदा दहाच्या वर जायच्या बेतात आहे. त्यांनी आत्ताच माझ्याकडं यावं, नोटीस आल्यावर नको. बाळंतपणाबद्दल एक म्हणते, कायदा सहाजणींच्या युनिटला लागू नसेल, तरी भाजणीच्या धुरात सातव्या महिन्याची बाई बसवू नये एवढं तरी कुणी कायद्यानं सांगायची वाट बघू नये. बसल्या जागी पिशव्या भरायचं काम असतं की.

आणि आता माझं. हे सभेत बोलताना माझा आवाज कापला होता, लिहिताना बरं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत, एका संस्थेत, मला नेमणुकीचं पत्र कधीच मिळालं नाही. "आपण समाजकार्य करतो, कागद कशाला," असं सांगायचे. चार महिन्यांचं मानधन राहिलं. मागायला गेले तर म्हणाले, तू स्वयंसेवक होतीस. मी कामगार होते की स्वयंसेवक, हे दाखवायला माझ्याकडं एक चिठ्ठी नव्हती. ते पैसे बुडाले. म्हणून त्या मावशी समोर उभ्या राहिल्या तेव्हा मला जास्त लागलं, कारण दुसऱ्या बाजूनं मी तेच केलं होतं.

आपल्या महासंघातही सीआरपी ताई आहेत, लेखापाल ताई आहेत. मानधन म्हणा, मजुरी म्हणा. कायदा त्याला काय म्हणतो हा वाद चालू राहील. पण कामाचं स्वरूप, रक्कम, तारीख हे एका कागदावर लिहून द्यायला कुठल्या वादाचा अडथळा आहे? सभेत मी ही मागणी केली, अध्यक्ष ताईंनी ती इतिवृत्तात घ्यायला सांगितली. घेतली आहे, मी बघितलं. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला काय होतं ते आपण सगळ्याच बघू.

तर त्या कांडपावर आता एक कागद आहे. बाईचं नाव, काम कोणतं, कधीपासून, रोज किती, वेळ काय, सुट्टी कोणती, हिशोब कोणत्या दिवशी, कपात झाली तर का आणि कुणी ठरवायची. आठ ओळी. दोन प्रती, एक तिच्याकडं. त्यावर तिची सही किंवा अंगठा आणि गटाची सही. एवढ्या लहान युनिटला कायदा हा कागद मागतो की नाही यावर मी तासभर बोलू शकते. पण तो मागत नसला तरी द्या. हजेरीच्या वहीत तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रोज, उचल, कपात, हातात दिलेले, सही. रकाने एवढेच.

पहिला कागद त्या साठीतल्या मावशींना दिला. त्यांना वाचता येत नाही. घरी नेऊन नातीकडून वाचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, "ह्यात चूक आहे. मी नऊला नाही, साडेआठला येते. झाडून कोण काढतं?" अर्धा तास झाडण्याचा आम्ही कुणीच धरला नव्हता. वेळ बदलून कागद पुन्हा लिहिला.

कुठं अडलात तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम कार्ड ज्यांचं राहिलंय त्यांनी आधार आणि बँकेचं पुस्तक घेऊन यावं, त्याला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं बाहेरची एक जरी बाई कामाला आहे, त्या गटांनी हजेरीची वही घेऊन यावी. नसेल तर कोरी वही आणि पट्टी आणा, रकाने तिथंच आखू.